आमच्या बूथवर शेवटचा क्रमांक

माझी बायको विधानसभेवर निवडून आली तेव्हा मतदारसंघातल्या बहुतेक केंद्रांवर ती पहिली किंवा दुसरी होती. आमच्या स्वतःच्या गावच्या केंद्रावर मात्र पाच उमेदवारांत ती पाचवी आली. या गावात ती अकरा वर्षं एकटी डॉक्टर होती. प्राथमिक शाळेतल्या बहुतेक मुलांना पहिली लस तिनं टोचली आहे. गावाला तिच्याबद्दल राग नव्हता, हे आधीच सांगायला हवं. उलट होतं.

गाव पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्ली शहराच्या उत्तरेला, गाडीनं तीन तासांवर. एक रुंद रस्ता, दोन पब, एक शाळा, एक रोडहाऊस आणि बाहेर सोन्याची खाण. खाणीतले बरेच कामगार विमानानं येतात, त्यांची पाळी संपली की विमानानंच घरी जातात. त्यांना गाव लागत नाही. जे इथंच राहतात त्यांना गावही लागतं आणि डॉक्टरही. आम्ही पुण्याहून आलो ते दोन वर्षांसाठी. मी तिथं एका दैनिकात उपसंपादक होतो. इथं आल्यापासून घरी बसून लोकांचे अहवाल तपासून देतो. गावात माझी ओळख ‘डॉकचा नवरा’ एवढीच आहे, आणि ती पुरेशी आहे.

निवडणुकीचं कारण एक पेशंट होती. मूळच्या इथल्या लोकांपैकी, वयानं सत्तरीच्या आसपास. तिच्या आधीच्या कितीतरी पिढ्या याच मातीवर झाल्या. मूत्रपिंडं निकामी झाली. अशा माणसाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं, आणि त्याचं यंत्र कालगुर्लीत. दर वेळी तीन तास जायचं आणि तीन तास यायचं हे शक्य नसतं, म्हणून माणूस घर सोडून तिकडे राहायला जातो. बहुतेक जण परत येतात ते दफनासाठी. गावात दोन खुर्च्यांचं डायलिसिस सुरू व्हावं म्हणून माझ्या बायकोनं राजधानीत, पर्थच्या आरोग्य खात्याला अनेकदा लिहिलं होतं. उत्तरं सभ्य असायची. विचार चालू आहे, असं त्यांत असायचं.

ती बाई निघाली त्या दिवशी गाडीत बसण्याआधी तिनं माझ्या बायकोला विचारलं, “तू सांगितलंस ना त्यांना?”

“सांगितलं.”

“मग तिथं बसतं कोण, की ज्याला ऐकूच जात नाही?”

बायकोनं तिला हात देऊन गाडीत बसवलं. त्या शनिवारी मी छतावर चढून कूलरच्या जाळ्या काढत होतो. आमच्याकडे लाल धूळ इतकी असते की उन्हाळ्याआधी हे काम करावंच लागतं. बायको शिडीपाशी येऊन उभी राहिली.

“अरे, मी उभी राहू का?”

“उभीच आहेस की. शिडी धर.”

“निवडणुकीला म्हणते मी.”

मी जाळी खाली दिली. तिनं ती घेतली, भिंतीला टेकवली आणि पुन्हा शिडी धरली.

“दवाखान्यात अकरा वर्षं मी तेच ते बघतेय,” ती म्हणाली. “रोग पेशंटमध्ये नाहीये रे. पेशंट तपासून तो सापडणार नाही.”

“आणि दवाखाना?”

“तोच तर प्रश्न आहे.”

तो प्रश्न शेवटपर्यंत तोच राहिला. ती गेली तर गावाला डॉक्टर उरत नव्हता.

साताऱ्याला तिच्या आईला फोनवर सांगितलं. आई निवृत्त शिक्षिका. त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. “अहो, तुम्ही तरी समजवा. इतकं शिकवलं ते दारोदार मतं मागायला?” मी म्हणालो, इथं तशी पद्धत आहे. त्या म्हणाल्या, “पद्धत तिथली असेल. मुलगी माझी आहे.” आमची मुलगी मेलबर्नला नोकरी करते. तिनं एकच वाक्य पाठवलं: “मम, डू इट, पण पोस्टरवर तो जांभळा ड्रेस नको.”

ती अपक्ष उभी राहिली. प्रचाराची सूत्रं रोडहाऊसच्या मालकिणीकडे गेली. ही साठीची बाई पेट्रोल विकते, बर्गर भाजते आणि मतदारसंघातल्या प्रत्येक ट्रकवाल्याला नावानं ओळखते. तिनं पोस्टरं ट्रकांबरोबर दूरदूरच्या खाणींवर आणि मेंढ्यांच्या फार्मवर पाठवली. आम्ही रविवारी गाडी घेऊन निघायचो. वाटेतल्या गावांत बंद पडलेले दवाखाने दिसत. पाट्या अजून तशाच होत्या. अशाच एका गावात म्हातारा नवरा-बायको तिला हॉलमध्ये भेटायला आले आणि तिनं तोंड उघडण्याआधी त्यानं शर्टाची बाही वर केली. तिनं त्याचा रक्तदाब तपासला. मागे रांग लागली. भाषण शेवटी झालंच नाही. परतताना मी म्हणालो, “एक मुद्दा तरी सांगायचा होतास.” ती म्हणाली, “तो सगळ्यांना माहीत होता. म्हणून तर रांग होती.”

गावात तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. दवाखान्याच्या दाराच्या आत निवडणूक नाही. बिल्ला काढून गाडीत ठेवायचा आणि मग आत जायचं. यावरून तिची सगळ्यात जास्त थट्टा करायचा तो एक निवृत्त ड्रिलर. खाणीत आयुष्य काढलेला, फुप्फुसं त्यातच अर्धी गेलेली, एकटा राहणारा. दर महिन्याला तो यायचा आणि गोळ्यांपेक्षा गप्पा जास्त न्यायचा.

“म्हणजे मी तुला मत देणार नाही, हे मी इथं सांगू शकत नाही?” त्यानं विचारलं होतं.

“नाही. तोंड उघड. आ कर.”

“आ. आणि बाहेर सांगितलं तर?”

“बाहेर सांग. आता लांब श्वास घे.”

हा प्रसंग त्यानंच पबमध्ये सगळ्यांना सांगितला, म्हणून मला माहीत. तिच्या तोंडून पेशंटचं काही कधी ऐकलेलं नाही.

मतदानाच्या आधी गावच्या हॉलमध्ये सभा झाली. दुसऱ्या गावांत टाळ्या पडत होत्या. इथं लोक हाताची घडी घालून बसले होते. ड्रिलर उठला. उठायला त्याला वेळ लागतो, आणि लोक थांबतात.

“तू जिंकलीस तर पर्थला जाणार.”

“अधिवेशन असेल तेव्हा.”

“तेव्हा माझा श्वास अडकला तर? अधिवेशन थांबवशील का?”

लोक हसले. ती हसली नाही. ती म्हणाली, “दुसरा डॉक्टर मी आणेन. तो येईपर्यंत दर शनिवारी मी दवाखान्यात असेन. हे वचन आहे.”

कोणाच्याही हाताची घडी सुटली नाही. गाव कितीतरी वर्षं दुसऱ्या डॉक्टरसाठी जाहिरात देत होतं. एक जण खरंच आला होता. मोठ्या रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीनं गेला आणि रोडहाऊसवर येऊन विचारलं, गाव कुठे सुरू होतं? मालकिणीनं त्याला सांगितलं, तू आत्ताच त्यातून बाहेर आलास. तो परत फिरला नाही.

इथल्या मतपत्रिकेवर एकाच नावासमोर खूण करून भागत नाही. प्रत्येक उमेदवाराला क्रमांक द्यावा लागतो: पहिला कोण, दुसरा कोण, अगदी शेवटचा कोण. आणि मतदान सक्तीचं आहे. न जाणाऱ्याला दंड होतो. त्यामुळे मत न देता गप्प बसण्याची सोय कोणालाही नसते. मतदानाच्या शनिवारी शाळेच्या आवारात सॉसेज भाजले जात होते, लोक कुत्र्यांसकट रांगेत होते, आणि जो तो माझ्या बायकोला मिठी मारून आत जात होता. मला वाटलं, काम झालं.

संध्याकाळी सहाला दारं बंद झाली. उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून मालकीण, आणि तिच्यासोबत मी, मोजणीच्या टेबलाशी उभे राहिलो. कागदाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं, असा नियम आहे. कर्मचारी एकेक कागद उलगडून गठ्ठ्यावर ठेवत होते. पहिल्या कागदावर तिच्या नावापुढे पाचचा आकडा होता. दुसऱ्यावर पाच. मग एका कागदावर दोन, मग पुन्हा पाच. काहींनी आकडा ठळक गिरवला होता, मोजताना चूक होऊ नये म्हणून. जे थोडे कागद तिच्या गठ्ठ्यात पडले, त्यांतले दोन आमच्या घरातले होते.

मला काही कळेना. मी मालकिणीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“हे बघ, मेट,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी तिच्यासाठी सगळा मतदारसंघ पालथा घातला. इतर सगळीकडे तिनं जिंकावं असं मला मनापासून वाटतं.”

“आणि इथं?”

“इथं मला दमा आहे.”

मी पुन्हा गठ्ठ्यांकडे बघितलं. मग विचारलं, “तू पण पाच?”

“मतदान गुप्त असतं,” ती म्हणाली.

घरी येऊन मी बायकोला आकडा सांगितला. तिनं ऐकलं, आमटीखालचा गॅस बारीक केला आणि स्टुलावर बसली. तोपर्यंत इतर केंद्रांचे निकाल फोनवर यायला लागले होते. ज्या गावांत दवाखान्यांच्या नुसत्या पाट्या उरल्या होत्या, तिथं ती पुढे होती. शर्टाची बाही वर करणाऱ्या म्हाताऱ्याच्या गावात तर तिला सर्वांत जास्त मतं होती. पसंतीक्रमांची मोजणी पूर्ण व्हायला बरेच दिवस गेले, पण कल त्याच संध्याकाळी दिसत होता. ज्या गावांनी डॉक्टर गमावला होता त्यांनी तिला पुढे पाठवलं. ज्या एका गावाकडे डॉक्टर होता त्यानं तिला शेवटी ठेवलं. मी आयुष्यात बऱ्याच निवडणुकांच्या बातम्या वाचल्या, लिहिल्या आणि कापल्या. डॉक्टरबद्दल मतदारांनी याहून स्पष्ट काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

“रडू येतंय का?” मी विचारलं.

“नाही रे,” ती म्हणाली. “आता उद्या या सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचं कसं? लाजतील बिचारे.”

ते लाजले. सोमवारी दवाखान्यात तीन केक, एक डबा भरून स्कोन आणि कोणीतरी खाणीतून आणलेला चमकता दगड आला. ड्रिलर हात हलवत आला.

“मी तुला पाचवा दिला, डॉक.”

“बाहेर सांग ते.”

“बाहेरच सांगितलं. आतही सांगतो. सॉरी नाही म्हणणार.”

“नको म्हणूस. पंप आणलायस का? दाखव कसा घेतोस ते.”

हेही त्यानंच पबमध्ये सांगितलं.

डॉक्टर शोधायला तिनं आपल्या लोकांना फोन लावले. ऑस्ट्रेलियातल्या मराठी डॉक्टरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर एरवी गणपतीच्या पोशाखांची आणि स्वस्त विमान तिकिटांची चर्चा असते. तिनं लिहिलं, गाव लहान आहे, काम खूप आहे, लोक चांगले आहेत, मला त्यांनी मत दिलं नाही. बऱ्याच जणांनी हसरे चेहरे पाठवले. एकानं फोन केला. तो कोल्हापूरचा, अॅडलेडच्या मॉसन लेक्स उपनगरात राहणारा. त्याची बायको खाणकाम इंजिनिअर, आणि तिला शहरात मनासारखं काम मिळत नव्हतं.

“ताई, तिथे रेंज येते का?”

“गावात येते. गावाबाहेर नाही.”

“आणि गावाबाहेर काय आहे?”

“तुझ्या बायकोची नोकरी.”

दोघं बघायला आले आणि चक्क परत जाऊन सामान घेऊन आले. गावानं त्यांना घर रंगवून दिलं. तिचं खाणीत सुरू झालं. त्याचं दवाखान्यात सुरू झालं, म्हणजे तो रोज सकाळी जाऊन बसू लागला. माझी बायको तेव्हा पर्थला होती. शपथविधी झाला होता आणि अधिवेशन चालू होतं. शनिवारी ती वचनाप्रमाणे विमानानं आणि मग गाडीनं यायची, दिवसभर पेशंट बघायची.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. मी पर्थच्या भाड्याच्या घरात तिच्या शेजारीच होतो, म्हणून ऐकू आलं.

“ताई, मी इथं काय करतोय?”

“का रे?”

“सोमवार ते शुक्रवार कोणी नाही. काल एक जण आला, तो पत्ता विचारायला. शनिवार मात्र तुमचा दोन महिन्यांचा भरलाय. ही म्हणतेय थांबूया. पण मी नुसतं बसून किती दिवस काढू?”

ती म्हणाली, थोडा वेळ दे. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ बाल्कनीत उभी होती. पर्थचं ते भाड्याचं घर तिला आवडत नव्हतं.

“मी शनिवारचं बंद करते,” ती म्हणाली.

“तू वचन दिलंयस.”

“दुसरा डॉक्टर येईपर्यंत. तो आलाय.” मग म्हणाली, “मी तिथं बसते म्हणून त्याच्याकडे कोणी जात नाही. तो गेला की मग कोणीच नाही. मी किती शनिवार येणार?”

“आणि तुझं? डॉक्टरकीचं?”

“माझं राहू दे.”

एवढंच ती म्हणाली. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून दवाखान्याशिवाय तिचा एक आठवडा गेलेला मला माहीत नाही. मुलगी झाली तेव्हाही ती तिसऱ्या आठवड्यापासून फोनवर पेशंटना औषधं सांगत होती.

पुढच्या शनिवारी आम्ही गावात, आमच्या घरी होतो. दवाखान्यात नवा डॉक्टर बसला होता. दहाच्या सुमारास दार वाजलं. ड्रिलर होता. चालत आला होता, त्यामुळे धाप लागलेली.

“डॉक, दोनच मिनिटं.”

ती दारात उभी राहिली. तिनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. श्वास शांत होईपर्यंत त्याच्या समोर बसली. मी बघत होतो की तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते, कारण एरवी ते त्याच्या मनगटावर गेले असते.

“दोन मिनिटं त्याच्याकडेही आहेत,” ती म्हणाली. “त्याच्याकडे सगळी सकाळ आहे.”

“तो पोरगा आहे.”

“मी आले तेव्हा मीही होते. तूच म्हणाला होतास, ही शाळेतून पळून आलीये का?”

“आणि तू म्हणालीस, शर्ट काढ.”

“मग? तोही तेच म्हणेल.”

“तू मला हाकलतेयस.”

“हो.”

तो हसला नाही. तीही नाही. थोड्या वेळानं तो उठला. मी म्हणालो, गाडीनं सोडतो. तो म्हणाला, नो वरीज, जाईन चालत, आणि मग म्हणाला, बरं, सोड. मी त्याला दवाखान्याच्या दाराशी सोडलं. तो आत गेला की नाही हे बघायला मी थांबलो नाही. तिनं तसं बजावलं होतं.

तिचं सभागृहातलं पहिलं भाषण त्यानंतर काही आठवड्यांनी झालं. नव्या सदस्याच्या पहिल्या भाषणात कोणी मध्ये बोलत नाही, विरोधकसुद्धा नाहीत, असा इथला रिवाज आहे. मी प्रेक्षकांच्या सज्जात होतो. तिनं निळी इरकल नेसली होती. आधी तिनं त्या मातीच्या मूळ लोकांना नमस्कार केला. मग म्हणाली, “माझ्या गावानं मला शेवटचा क्रमांक दिला. त्यांच्याकडे डॉक्टर होता आणि त्यांना तो घालवायचा नव्हता. ज्यांनी मला पहिला क्रमांक दिला त्यांच्याकडे घालवायला काही उरलं नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये जे अंतर आहे, त्याच्याबद्दल मी इथं बोलायला आले आहे.” मग ती डायलिसिसच्या दोन खुर्च्यांवर बोलली. आवाज चढवला नाही. पेशंटला निदान सांगताना ती जशी बोलते तशीच बोलली: आधी काय झालंय, मग काय करायचं, मग काही विचारायचंय का. समोरच्या बाकांवरचे एक वयस्कर सदस्य पुढे वाकून ऐकत होते. मी त्यांच्याकडेच बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर मला नीट दिसलं नसतं.

साताऱ्याहून आईंचा मेसेज आला. त्यांनी फोनवर सगळं भाषण पाहिलं होतं. “मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असेल. स्वच्छ बोलली.” त्यांच्या शाळेत यापेक्षा वरचा शेरा नव्हता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती लोकांना भेटत होती. मी कोपऱ्यात जाऊन रोडहाऊसच्या मालकिणीला फोन केला. तिनं भाषण मोठ्या पडद्यावर लावलं होतं, गाव जमलं होतं. ती सांगत होती की खुर्च्या कमी पडल्या, चिप्स संपल्या, ‘शेवटचा क्रमांक’ म्हटल्यावर सगळे खाली बघायला लागले आणि मग कोणीतरी टाळी वाजवली.

“आणि ड्रिलर?”

“तो मध्येच उठून गेला.”

“रागावला?”

“छे. त्याची अपॉइंटमेंट होती. दवाखान्यात म्हणे हल्ली वाट बघावी लागते, उशीर केला तर नंबर जातो.”

मी फोन ठेवला. बायको मोकळी झाल्यावर तिला सांगितलं. ती भिंतीला टेकली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले.

“दवाखाना भरलाय म्हणजे,” ती म्हणाली.

“असं दिसतंय.”

“हा कशासाठी गेला होता? श्वास वाढलाय का? विचारलंस?” मी पुन्हा फोन काढला. तिनं माझा हात धरला.

“नको,” ती म्हणाली. “आता तो माझा पेशंट नाही.”

सदस्यांना आत बोलावणारी घंटा वाजत होती. तिनं पदर सारखा केला आणि आत गेली.